गिऱ्हाइकांनी दिलेली रजा

भिंगरीच्या दोन हातांवर दहा बश्या राहायच्या आणि अकरावी डोक्यावर. ती इतकी भरभर चालायची, की आपण स्वयंपाकघरातून निघालोय हे सूपला टेबलावर पोचल्यावरच कळायचं. एकदा तर वळताना तिची सावली मागे राहिली आणि खिडकीपाशी पाणी देऊन आली. खोटं वाटत असेल तर खिडकीला विचारा.

एवढी वाऱ्यासारखी बाई, पण पगाराची चाल मुंगीची. हॉटेलात गर्दी असली की टीप मिळायची, नसली की हात हलवत घरी. आणि घरमालक काही टीप बघून भाडं ठरवत नसतो. म्हणून एकदा तिनं गल्ल्यावर दात कोरत बसलेल्या शेठना गाठलं.

"शेठ, पगार वाढवा."

"अगं, मी कोण वाढवणारा? तुझा खरा पगार गिऱ्हाईक देतं. जरा गोड हस, आपोआप वाढेल."

"हसून हसून गाल दुखतात, शेठ."

"मग एका गालानं हस. दुसऱ्याला आराम."

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "बरोबरच बोलला की! पगार देईल तो धनी. उद्यापासून धन्याचं ऐकायचं. गल्ल्यावरच्याशी आपला काय संबंध?"

"अहो आई, नोकरी जाईल माझी!"

"काढणार कोण? धनी तर टेबलावर जेवतोय."

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या गर्दीत भिंगरी टेलरकाकांच्या टेबलापाशी गेली. काका रोजचं गिऱ्हाईक.

"काका, उद्या सुट्टी हवीये. नणंदेचं घर हलवायचंय."

"मला काय विचारतेस? शेठना विचार."

"शेठ म्हणतात, माझा पगार तुम्ही देता. मग रजा कोण देणार?"

घरी काकांचं मांजरसुद्धा ऐकत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे रजा मागत होतं. छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटून उडालं ते थेट शेजारच्या टेबलावरच्या सूपमध्ये. "दिली! परवाचीही दिली!"

ते सूप होतं गाडी शिकवणाऱ्या मावशींचं. बटण चमच्यानं बाजूला काढत त्या कडाडल्या, "एकट्यानं कशी दिलीत? टीप मीही देते! ए भिंगरी, पाय बघ कसे सुजलेत. बस इथं. हुकूम आहे माझा."

भिंगरी बसली. इतकी वर्षं त्या खुर्च्या पुसल्या, पण त्या मऊ आहेत हे तिला त्या दिवशी कळलं.

आत स्वयंपाकघरातली घंटा बडवली जाऊ लागली. शेठ धावत आले. "ऊठ! बश्या थंड होतायत!"

"तुम्ही कोण मध्ये बोलणारे?" मावशी म्हणाल्या. "आमच्या बाईला आम्ही बसवलंय. हिला आधी जेवायला आणा."

मग काय, शेठनाच कंबर कसावी लागली. पहिल्या फेरीत ऑम्लेट एकाच्या टोपीत गेलं, दुसऱ्या फेरीत टोपी ताटात आली. शेठच्या कपाळाचा घाम एवढा, की मावशींनी सूपवर बशी झाकली. भिंगरीचे हात सारखे शिवशिवत होते, पण हुकूम म्हणजे हुकूम.

शेवटी टेलरकाकांनी बशीत एक नाणं टाकलं. "घ्या. जरा गोड हसला असतात, तर दोन टाकली असती."

शेठनी त्या नाण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या थरथरत्या पायांकडे, आणि मटकन बसले.

"भिंगरे, पगार मीच देतो. वाढवून. दर महिन्याला, गर्दी असो नसो."

"आणि टीप?"

"ती तुझीच गं! फक्त ही तुझी मालकमंडळी आवर."

"आणि उद्याची सुट्टी, शेठ?"

शेठ दमून इतके गळाले होते, की त्यांची मान आपसूक वळली. "काय टेलरकाका... देऊ ना?"