उमेंद्रचा रक्तगट

२००८च्या मे महिन्यात समाज मंडळाने कुवेतला बांधकामावर जाणाऱ्या वीस तरुणांची रक्ततपासणी चंद्रकुमारांच्या प्रयोगशाळेकडे सोपवली. मंडळाच्या शिफारसपत्राशिवाय एजंट दवनीवाड्यातला एकही माणूस घेत नसे. बदल्यात त्याने फुलचूरच्या समाजभवनाला वरचा मजला कबूल केला होता. मात्र वीस म्हणजे वीस, एकोणीस नव्हे.

एकोणीस अहवाल चांगले आले. विसाव्याला, उमेंद्रला, सिकलसेल निघाला; तो वाहक नव्हता, पुरता रुग्ण होता. उन्हात अंगातले पाणी घटले की अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबवतात. चंद्रकुमारांनी ‘अपात्र’ लिहिले.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष यादोराव स्वतः नवी कुपी घेऊन आले. “पोरगं काल उपाशी होतं. आता पाहा.”

चंद्रकुमारांनी आधी रक्तगट पाहिला. काल बी, आज ओ. उपासाने गट बदलत नाही. त्यांनी कुपी परत केली.

तरीही दुसऱ्या कुठल्याशा लॅबचा अहवाल जोडला गेला आणि निरोप समारंभात वीसही नावे वाचली गेली. मंचावर यादोरावांनी ‘निःशुल्क सेवे’बद्दल चंद्रकुमारांच्या खांद्यावर शाल टाकली.

“त्या दुसऱ्या कुपीतलं रक्त कोणाचं होतं?” चंद्रकुमारांनी हळूच विचारले.

“माह्या नातवाचं. तुमी कायले तपून राहिले? रगत समाजाचंच आहे.”

अध्यक्षांच्या तोंडाला तुपाचा वास येत होता. शाल खुर्चीवर टाकून चंद्रकुमार खाली उतरले. उमेंद्रची आई सुखवंता मध्येच आडवी आली.

“इथं काई बोलू नका भाऊ. पोरीचे सासरकडचे बसून आहेत. सिकल आयकलं का लगन मोडलं.”

बाहेर बस उभी होती. उमेंद्रच्या डोळ्यांचा पिवळेपणा हारातल्या झेंडूजवळ अधिकच उठून दिसत होता. चंद्रकुमारांनी खरा अहवाल त्याच्या खिशात घातला.

“दुखायला लागलं की तिथल्या डॉक्टरला हा दाखव. दुपारच्या उन्हात काम करू नकोस.”

“मले मालूम आहे, भाऊ. दोनदा दवाखान्यात भरती होतो.” उमेंद्रने कागद काढून त्यांच्या हातात परत ठेवला. “पर झडतीत सापडला तं वापस पाठवतीन. मंग मजला रायून जाते अन् बहिणीचं लगनबी.”

बस हलली. भवनात यादोराव माइकवर सांगत होते की जेवण तयार आहे, कोणी उपाशी जाऊ नये.