आईचं हाड

आईनं स्वतःच्या मऊ साड्या जोडून माझ्या तान्ह्या श्रुतिकासाठी गोधडी शिवली. दुसऱ्याच दिवशी ती मला चपलांच्या रॅकखाली अंथरलेली दिसली. माझ्या सासूबाई, नलिनीबाई म्हणाल्या, "तुमच्याकडचा कापड पाळण्यात नको गो." आम्ही बौद्ध. सुयोगशी लग्न झाल्यापासून हे 'तुमच्याकडचं' मी गिळत आले होते. त्या दिवशी लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि ठरवलं, याची भरपाई घेईन.

मी बोरिवलीतल्या एका हॉस्पिटलच्या बोन बँकेत टेक्निशियन आहे. खुबा बदलताना निघालेला हाडाचा गोळा, पेशंटची संमती असेल तर, आम्ही उणे ऐंशीला गोठवतो. सहा महिन्यांनी दात्याचं रक्त पुन्हा तपासतो, मगच तो दुसऱ्याला देतो. गेल्या वर्षी आईचा खुबा बदलला. "कुणाच्या तरी कामी येईल ना," म्हणत तिनं सही केली.

मग सासूबाईंचा जुना कृत्रिम खुबा सैल झाला. आतली झीज भरायला हाड हवं होतं. फ्रीझरमध्ये तपासून झालेले तीन डबे होते, तिन्ही चालणारे. मी आईचा उचलला.

ऑपरेशन झकास झालं. दोन महिन्यांनी सासूबाई वॉकर धरून दारात आल्या. मी श्रुतिकाला पाजत होते.

"रविवारी श्रुतिकाच्या वाढदिवसाक तुझ्या आयेक बोलवू नको. औक्षण मी करतलंय."

"तुमच्या खुब्यात माझ्या आईचंच हाड आहे."

"खोटा बोलतंस!"

"डबा मीच काढून दिला."

लादी तापल्यासारखा त्यांनी पाय उचलला. "काढून टाकूक सांग त्या डॉक्टराक!"

"आता नाही निघायचं. तुमच्या हाडात मिसळायला लागलंय ते."

"तक्रार करीन. नोकरी घालवीन तुझी!"

गेलीही असती. दात्याचं नाव फोडायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

"करा ना. अर्जात लिहावं लागेल, कुणाचं हाड कुणाच्या अंगात. आपल्या सगळ्या दिंडोशीला कळेल."

मी लेकीच्या केसांतून हात फिरवला आणि त्यांच्यासमोरच फोन लावला.

"आई, रविवारी अकराला ये. औक्षण तू करायचंस."

"अगं, विहीणबाईंना विचारलंस का?"

मी सासूबाईंकडे बघितलं. पाय अजून अधांतरीच होता.

"विचारायचं काय त्यात? त्या दारात उभ्या राहतील तुझ्यासाठी. दोन्ही पायांवर."