मांडवाचा खांब

मित्रांनो, मी एक जुना टेस्टर आहे. वायरमन काशिरामने मला पनवेलच्या बाजारातून आणलं, त्याला वीस वर्षं झाली. माझ्या पोटात एक इवलासा दिवा आणि एक रेझिस्टन्स आहे. माझं टोक चालू तारेला लावून वरच्या टोपीला बोट टेकलं, की दिवा लागतो. बोट काढलं, की विझतो.

असं का? कारण करंटला जमिनीपर्यंत वाट लागते, आणि ती वाट माणूस असतो. बोटातून हात, मग छाती, मग पाय. माझा रेझिस्टन्स इतकाच करंट सोडतो, की माणसाला कळतही नाही. मी मध्ये नसलो, तर हाताचे स्नायू आखडतात, तार सुटत नाही आणि वाटेतल्या हृदयाचा ठेका चुकतो. कोरडी कातडी करंटला बरीच अडवते. ओली फारशी नाही.

काशिरामची बायको गुणाबाई एकदा म्हणाली, “अवो, वॉशिंग मशीनला हात लावला का झिणझिण्या येतान. सगल्या गावाची वायरिंग करता, घरची कवा?”

“उद्या बघतो,” काशिराम म्हणाला.

त्याच संध्याकाळी तिने ओल्या पायांनी मशीनला हात लावला. ती गेली. काशिरामने काम सोडलं. मी फळीवर पडून राहिलो.

या उन्हाळ्यात शेजारच्या बळीरामच्या मुलीची, रियाची हळद होती. मांडवाचे खांब लोखंडी, त्यांना लाइटिंग गुंडाळलेली. रिया अनवाणी पाटावर बसली होती, अंगावरून पाणी निथळत होतं. बळीरामचा हात खांबाला लागला आणि तो हसला, “नवरीच्या बापाला झटका बसनारच!”

“रिया, खांब धरू नको!” काशिराम ओरडला. उठण्यासाठी तिने पुढे केलेला हात तसाच थांबला.

“काशिरामदादा, एवढ्याशा झिणझिण्यांना घाबरता?” बळीराम म्हणाला.

काशिरामने घरी जाऊन मला आणलं आणि खांबाला लावलं. माझा दिवा लागला. लाइटिंगची सोललेली तार खांबाला टेकली होती. बळीरामच्या पायांत रबरी चप्पल होती, म्हणून तो हसू शकला. बळीरामने धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

मित्रांनो, कशालाही हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर हसण्यावारी नेऊ नका. उद्यावर तर मुळीच टाकू नका.

दुसऱ्या दिवशी रिया सासरी निघाली. बळीराम हुंदके देत होता. काशिरामने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“रड, बळीराम. पोर सासरी चाललीय. हे रडनं चांगलं हाय.”