यादीतली पहिली ओळ

मित्रांनो, मी तारनाक्यातल्या एका घराच्या जिन्याखाली बसलेली जुनी बॅटरी आहे. शिशाच्या जाळ्या, आम्ल आणि डोक्यावर दोन टोकं, एवढाच माझा संसार. करंट गेला की या घरात पहिली आठवण माझी. आला की कुणालाच नाही. सहा वर्षं मी हे टिपून ठेवलं आहे.

घरात दोघंच. रेल्वेतून निवृत्त झालेले एकनाथराव आणि त्यांच्या तारामतीबाई. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकनाथराव माझी झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालत आणि जाताना पाठीवर थोपटत. बायकोला तसं थोपटताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

यंदा गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं. सोलरवाले दत्तोबा म्हणाले, "काका, आधी यादी करा. करंट नसताना काय चालवायचं, किती वॅटचं, किती तास. मग बॅटऱ्या किती ते सांगतो."

एकनाथरावांनी पट्टीने रकाने आखले. पंखे, दिवे, फ्रिज, वायफाय. देवघरातला झिरोचा दिवासुद्धा सुटला नाही. सुटलं ते एकच: तारामतीबाईंच्या पलंगाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन.

"ते नका लिहू," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांचं पाहुणं आहे ते. यादीत घातलं की कायमचं राहील."

पाहुण्याला चौथा महिना लागला होता. दोघांनाही ठाऊक होतं. तरी एकनाथरावांनी पेनाला टोपण लावलं. बेरीज झाली, दोन बॅटऱ्या पुरतात म्हणे.

त्याच आठवड्यात भर दुपारी करंट गेला. आजवर पाच-दहा मिनिटं मी ते मशीन ओढलं होतं. या वेळी करंट येईचना. माझ्या अंगावर ताकदीचा दीडशे अँपिअर-अवर हा आकडा छापलेला आहे खरा, पण तो माझ्या तरुणपणीचा. विसाव्या मिनिटाला इन्व्हर्टर ओरडू लागला. एकनाथरावांनी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला आणि पुठ्ठ्याने बायकोला वारा घालू लागले.

"अगं, हळू श्वास घे."

"तुम्हीच घ्या. धापा तुम्ही टाकताय."

तळाशी राखून ठेवायचं असतं, तेही मी देऊन टाकलं. एकतिसाव्या मिनिटाला संपले. मशीन गप्प झालं. पुढची सहा मिनिटं घरात फक्त पुठ्ठ्याचा आवाज होता.

मग करंट आला. मशीन घरघरलं. तारामतीबाई म्हणाल्या, "लिहा. सगळ्यात वर लिहा."

वर जागा नव्हती. एकनाथरावांनी नवा कागद घेतला. पहिली ओळ: मशीन, साडेतीनशे वॅट. आणि आयुष्यात अंदाजे काही न लिहिलेल्या या माणसाने तासांच्या रकान्यात लिहिलं, 'लागतील तेवढे.'

दत्तोबांनी ते दोनदा वाचलं. "हौ काका. सहा तास धरतो. फ्रिज नक्को. आणि बॅटरीतलं अर्धंच खर्चायचं, अर्धं राखायचं. दोनाच्या चार लागतील."

मित्रांनो, तुमच्या घरी अशी यादी होईल, तेव्हा 'माझं नका लिहू' म्हणणाऱ्याचं आधी लिहा. आणि जुनी बॅटरी उकिरड्यावर फेकू नका, दुकानात परत द्या. आमचं शिसं वितळवून पुन्हा बॅटरीच होते.

उद्या चौघी येतील, मी जाईन. आज रविवार नाही. तरी सकाळी एकनाथराव झाकणं उघडून पाणी घालून गेले. तारामतीबाई मशीनची नळी सांभाळत दारापर्यंत आल्या होत्या. पाण्याची बाटली त्यांनीच धरली होती.