बेबी आली आणि माझी चकती धावू लागली

मित्रांनो, ज्याच्याकडे घरातली माणसे महिन्यातून एकदाच पाहतात, आणि तेही संशयाने, असा मी एक जुना वीजमीटर. काळा डबा, पुढे काच, काचेमागे ॲल्युमिनियमची आडवी चकती आणि तिच्या काठावर एक लाल ठिपका. घरात वीज वापरली गेली की चकती फिरते; वापर थांबला की तीही थांबते. माझ्या चारित्र्याचा सारांश एवढाच आहे, आणि तो बहुतेक माणसांच्या चारित्र्यापेक्षा बरा आहे.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा मला एका प्रमाण मीटरशेजारी टांगून दोघांच्या चकत्या ताडून पाहिल्या गेल्या. मी अचूक ठरलो. मग माझ्या प्रामाणिकपणावर पूर्ण विश्वास बसल्यामुळे मला शिशाचे सील ठोकण्यात आले.

तेथून मी या फ्लॅटमध्ये, दारालगतच्या बोळात, चपलांच्या कपाटावरच्या भिंतीवर आलो. घरमालक तर्कशास्त्राचे प्राध्यापक. सुरुवातीच्या वर्षांत ते आपल्या लहान मुलाला कडेवर घेऊन माझ्यापुढे उभे राहत आणि म्हणत, "बघ, हा कधी खोटं बोलत नाही." मुलगा काचेवर बोट ठेवून लाल ठिपक्याची वाट पाहत असे. तेवढेच माझे कौतुकाचे दिवस. पुढे मुलगा मोठा झाला, नोकरीसाठी परदेशी गेला. बोळाच्या टोकाची त्याची खोली आणि तिला जोडलेली न्हाणी रिकामी पडली. माझ्या काचेवर धूळ साचली. एका कोळ्याने मला घर मानले. त्याने बिल कधी विचारले नाही.

मग बेबी आली. बेबी म्हणजे प्राध्यापकांची धाकटी बहीण. वय पन्नाशीच्या पुढचे. पण लाडाचे नाव असे चिकटते की लाड सरले तरी सुटत नाही. नवरा वारला होता, भाड्याचे घर मालकाने परत मागितले होते. एक ट्रंक आणि विजेवर चालणारे शिवणयंत्र घेऊन ती दारात उभी राहिली. लोकांचे कपडे उसवून, आखूड करून, सैल करून देणे हा तिचा व्यवसाय. तिला स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली मिळाली. मुलाची खोली रिकामी होती, परंतु तिला कुलूप होते. "तो कधीही येईल," असे प्राध्यापक म्हणाले. तो कित्येक वर्षांत आला नव्हता.

त्याच महिन्यापासून माझी चकती धावू लागली. बिल आले आणि प्राध्यापकांनी ते उजेडाकडे धरून पाहिले, जणू आकड्यांमागे आणखी आकडे लपले असावेत.

"हे आपलं नाहीच. आपण काय नवीन आणलंय घरात?"

त्यांची पत्नी, जिला बेबी वहिनी म्हणत असे, हळू आवाजात म्हणाली, "हळू बोला. ती शिवतेय आत."

एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींना कारण आणि परिणाम मानू नये, हे प्राध्यापकांनी वर्गावर्गांतून शिकवले होते. घरी आल्यावर त्यांनी ते चपलांबरोबर कपाटात ठेवले. बेबी बाहेर गेली की ते तिच्या खोलीत जात. इस्त्रीच्या तव्याला तळवा लावून ती कोमट आहे का पाहत, दिव्याला हात लावून पाहत, शिवणयंत्राची मोटर हुंगत. मला बोळातून हे सारे दिसे. पुरावा सापडला नाही की त्यांचा संशय आणखी पक्का होई; कारण पुरावा नष्ट करण्याइतकी ती हुशार आहे, एवढे तरी सिद्ध झालेच ना!

आरंभी आरोप माझ्यावरही झाला. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर माझ्यासमोर वाकून म्हणाले, "पळतोय हो हा! म्हाताऱ्याला या वयात कसली घाई सुटलीय?" प्राध्यापकांनी अर्ज केला. तपासनीस आला, त्याने आपले यंत्र मला जोडले आणि निर्वाळा दिला, "मीटर ठीक आहे." माझी निर्दोष सुटका झाली. पण जगात आरोपी दोनच असले, तर एकाची सुटका ही दुसऱ्याची शिक्षा ठरते.

बेबीने यंत्राची मोटर काढून ठेवली आणि जुना हाताचा दांडा बसवला. काम निम्म्यावर आले. अंधार पडला की ती दिवा न लावता बसे. पुढचे बिल तितकेच आले.

"दादा," ती एकदा जेवताना म्हणाली, "माझ्या भिंतीपलीकडे कुठंतरी पाणी ठिबकल्यासारखं वाटतं रे."

"तुला लहानपणापासून भास होतात."

"अरे, पण रोज येतो आवाज."

"बेबी, विषय बदलू नकोस. या महिन्याअखेर दुसरीकडे कुठे सोय होते का बघ. मी हाकलत नाहीये. सुचवतोय."

वहिनीचा घास हातातच राहिला. बेबीने ताट उचलले आणि स्वतःच घासून ठेवले.

तिने सोय पाहिली. एका कपड्यांच्या दुकानावरची पोटमाळ्याची खोली, आणि त्याच दुकानाचे शिवणकाम. जाण्याच्या सकाळी ट्रंक बोळात, माझ्या खाली येऊन बसली. मग बेबी म्हणाली, "दादा, जाईन मी. पण चोर म्हणून नाही जाणार. घरातलं सगळं बंद कर आणि हा मीटर माझ्यासमोर बघ."

सारे बंद झाले. दिवे, पंखे, फ्रीजसुद्धा. पोस्टमास्तर दारात येऊन उभे राहिले. अशा वेळी त्यांना बोलवावे लागत नसे. सर्वांनी माझ्या काचेकडे पाहिले. लाल ठिपका आला, गेला, पुन्हा आला.

"बघा! काहीतरी चालूच आहे," प्राध्यापक म्हणाले आणि बेबीच्या ट्रंकेकडे पाहिले.

"ट्रंकेत काय, भट्टी आहे का माझ्या?" बेबी म्हणाली. "फ्यूज काढ एकेक."

माझ्या खालच्या फळीवर प्रत्येक खोलीचा वेगळा फ्यूज होता. त्यांनी बेबीच्या खोलीचा प्रथम काढला. चकती फिरतच राहिली. मग स्वयंपाकघराचा, दिवाणखान्याचा, त्यांच्या स्वतःच्या खोलीचा. चकती फिरतच राहिली. शेवटचा, मुलाच्या खोलीचा, उरला तेव्हा त्यांचा हात थबकला.

"तो कशाला? तिथे कोणी राहतच नाही."

वहिनी पुढे झाली आणि तिने तो स्वतः ओढला. चकती जागच्या जागी थांबली.

वहिनीने कंबरेची किल्ली काढली. बोळाच्या टोकाचे दार उघडले तशी कोंदट, ओलसर वाफ माझ्या काचेपर्यंत आली. आतल्या न्हाणीतला गिझर तापून बसला होता, नळ अर्धवट उघडा होता आणि गरम पाण्याची धार, दोऱ्याएवढी, इतके महिने मोरीत जात होती. भिंतीचा रंग फुगून सुटला होता.

"आपल्या न्हाणीतल्या फरशीचं काम चाललं होतं तेव्हा तुम्हीच इथे आंघोळ करत होता," वहिनी म्हणाली. "खिडकीतून हिची टॅक्सी दिसली आणि ओल्या डोक्यानं धावत येऊन कुलूप लावलंत. म्हणालात, रिकामी खोली दिसली तर मागेल."

पोस्टमास्तरांना एकाएकी घरी काम आठवले.

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माणूस क्षमा मागण्यापूर्वी असे करतो, असे मला वाटले. ते म्हणाले, "म्हणजे तसं पाहिलं तर, बेबी, तू त्या दिवशी आली नसतीस तर मी घाईनं कुलूप लावलंच नसतं."

तर्कशास्त्रात या वाक्याला दोष काढता येणार नाही.

वहिनीने खोलीची किल्ली बेबीपुढे धरली. "राहा गं तू. मी सांगते म्हणून."

"नको वहिनी. तिथे जाऊन मोटर पुन्हा बसवायचीय, उजेड आहे तोवर बसेल. जरा मशीनला हात लावा, जिना अरुंद आहे."

दोघींनी मिळून यंत्र खाली नेले. पुढच्या महिन्यात नळ बदलला, गिझर बंद राहिला आणि बिल उतरले. प्राध्यापकांनी ते दारात उभे राहून पोस्टमास्तरांना दाखवले. "बघा, ती गेली आणि बिल निम्म्यावर आलं." पोस्टमास्तरांनी मान डोलावली. ते त्या सकाळी तिथे हजर होते, तरीही डोलावली. वहिनी आत होती. तिने ऐकले की नाही, हे मला मोजता येत नाही.

मित्रांनो, नळ घट्ट बंद करा. गिझरचे बटण विसरू नका. माझ्या काचेवरची धूळ कधीतरी पुसा. आणि तुमच्या घरचे बिल अचानक वाढले, तर सर्वांत आधी तिथे जाऊन पाहा जिथे पाहायचे कारण नाही असे तुम्हाला वाटते. मी किती वीज गेली ते सांगतो. कोणामुळे गेली, ते मी आजवर एकदाही सांगितलेले नाही. ते माझ्या तोंडी कोणी घातले, तर मी ते बोललो नव्हतो, एवढे लक्षात असू द्या.