चांदाच्या आठवीचा पंचनामा

हफिजाने चपला हातात घेतल्या आणि भरावाच्या कडेवरून ती खाली उतरली. तांबडी माती नुकतीच ओतलेली होती, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. खाली कांदळाची तोडलेली खोडं उभी होती. त्यातल्या एकाशी वाकून तिने चिखलावर तळवा टेकला. वरून तो सुकला होता, भेगाही पडल्या होत्या.

वर चौघे तिची वाट पाहत होते. तहसील कचेरीतले घोलप साहेब मोटारसायकलच्या सीटवर कागद सरळ करत होते. तालुक्याचे पुढारी रामजीशेठ जीपला टेकून उभे होते. पंच म्हणून वाडीवरचा भिकू होता, आणि दुसरा पंच हफिजाचा नवरा, हारून.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा रामजीशेठनी हारूनला मोकळेपणी सांगितलं होतं, नाव तुझ्या बायकोचं, कारभार आपला. तीन वर्षं तो सुखाने चालला. कागद घरी यायचे, हारून बोट ठेवायचा, तिथे हफिजा सही करायची. घोलप मात्र नुकतेच घाटावरून बदलून आले होते. त्यांना ही रीत कोणी समजावलीच नव्हती. सरपंच जागेवर हव्यात, असं म्हणून ते अडून बसले.

"वाचून दाखवा," हफिजा वर येत म्हणाली.

घोलपांनी वाचलं. मसुदा शेठच्या माणसाने आधीच टाइप करून आणला होता. "समक्ष पाहणी केली असता, सदर जागेत भरतीचे पाणी येत नाही असे दिसून आले."

"एवढं एक वाक्य लागतं बघा वहिनी," रामजीशेठ म्हणाले. "इथं वाळूचा धक्का होणार, गोदाम होणार, पोरांना कामं मिळणार. भरती येते तिथं भराव नको, हा किनाऱ्याचा कायदा समुद्रवाल्यांना. महाडात कुठला आलाय समुद्र?"

समुद्र लांब होता हे खरंच. पण त्याचं पाणी बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीत शिरायचं आणि उधाणाला या खाजणात, खाऱ्या दलदलीत, पसरून मुकाट परत जायचं. खाजणाच्या पाठीमागे वाडी होती, चाळीस घरांची. पंधरा दिवसांपूर्वी तिथली रखमा हफिजाच्या दारात येऊन उभी राहिली होती. "पाण्याला जागा लागते गो बाय," ती म्हणाली होती. "ही बुजवलीस तर ते आमच्या चुलीत येईल." हफिजाने तेव्हा ‘बघू’ म्हणून तिला परत पाठवलं होतं, आणि त्याची तिला अजून लाज वाटत होती.

"साहेब, आज चांदाची आठवी हाय," ती म्हणाली.

"मग?"

"आठवीला भांगाची भरती, सगळ्यात लहान. पाणी इथवर चढतच नाय. त्यात अकरा वाजलेत, म्हणजे पुरी ओहोटी. पंधरवीला या, दुपारच्या नमाजाच्या वक्ताला. मग बघा पाणी येतं का नाय ते."

रामजीशेठ मोठ्याने हसले. "वहिनी, चांद बघून ईद करतात. पंचनामा नाही."

हारून जवळ आला. "सही कर," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घरी बोलू."

घोलपांनी पेनाला टोपण लावलं. "शेठ, मी तर पुढचा सोमवार म्हटलं होतं. आजचा दिवस कोणी ठरवला?"

भिकू नदीकडे बघू लागला.

हफिजाने रामजीशेठकडे पाहिलं. ते बाजारपेठेत वाढलेले, त्यांना भांग काय नि उधाण काय. भिकूला कोण विचारणार? दिवस सांगितला की बोटांच्या पेरांवर पाणी मोजून दाखवणारा इथे एकच होता. त्याच्या बापाने बाणकोटहून महाडपर्यंत गलबतं आणली होती. परवा मगरिबच्या नमाजानंतर तो अंगणात चांद बघत उभा होता आणि ती त्याला चहा द्यायला गेली होती. शेठचा तिला राग आला होता, पण हे दुखणं वेगळं होतं.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "दिवस दिला हारून इब्राहिम तांडेल यांनी."

भिकूने चमकून मान वळवली. बावीस वर्षांच्या संसारात हे नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. फुरकानचे अब्बा, यापलीकडे ती कधी गेली नव्हती.

"तुमचे कोण हे?" घोलपांनी विचारलं.

"मालक माझे. भरावाचे डंपर पण त्यांचेच. तेपण लिवा."

"हारून, आवर तिला," रामजीशेठ म्हणाले. आता ते हसत नव्हते.

हारून जागचा हलला नाही. घोलपांनी टाइप केलेला कागद बाजूला ठेवला आणि पिशवीतून कोरा काढला. "तांडेल, तुम्ही पंच आहात. तुम्हीच सांगा. पौर्णिमेला इथं पाणी येतं?"

पलीकडे हारूनचे दोन डंपर मातीने भरून उभे होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, मग हफिजाकडे. तिने नजर खाली घेतली नाही. घरी गेल्यावर काय होईल याची तिला भीती वाटत होती, तरीही घेतली नाही.

हारून भरावावरून खाली उतरला. खोडांच्या मधोमध चिखलात उभा राहिला आणि हात आडवा करून कमरेशी धरला.

"कमरेइतके," घोलप लिहिता लिहिता म्हणाले.

"नाय," हारून खालून म्हणाला, आणि त्याने हात छातीपर्यंत वर नेला.