दोन्ही टोकं लाल

चर्रर्र.

सकाळच्या शांततेत तो आवाज आला आणि नव्या कॅलेंडरवर खूण करता करता तिचा हात थांबला. क्षणभर काहीच नाही. पुन्हा चर्रर्र. मग कात्रीची एक कच्चकन उघडझाप.

तिने वळून पाहिलं. बाबा खिडकीजवळच्या स्टुलावर बसले होते. हातात वायरमनची लाल चिकटपट्टी, आणि डाव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत बोटबोटभर तुकडे ओळीने लावून ठेवलेले.

"बाबा, सकाळी सकाळी कसला कारखाना काढलाय?"

"लागते," बाबा म्हणाले.

"कशाला पण?"

"घर म्हटलं की शंभर वायरी. कधी कुठली उघडी पडेल, सांगता येतं का?"

ती हसली. एकोणचाळीस वर्षं लोकांच्या भिंतींतून वायरी ओढलेला माणूस, हात शिवशिवणारच. स्वयंपाकघरात मिक्सर नीट चालत असला तरी बाबा त्याच्याकडे संशयाने बघत. ती पुन्हा कॅलेंडरकडे वळली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी जुन्या कॅलेंडरवरच्या खुणा नव्यावर उतरवायच्या, ही तिची लग्नाआधीपासूनची सवय. नवरा दूर एका पुलाच्या कामावर; तो घरी यायचा तो शनिवार गोल करून ठेवायचा. लेकीची, मुंगीची, लस. सिलिंडर लावल्याची तारीख. हे सगळं नव्या कोऱ्या चौकोनांत गेलं की तिला उगीच वाटायचं, निम्मं वर्ष आपण आत्ताच जगून टाकलं.

जुनं कॅलेंडर खिळ्यावरून काढताना त्याच्या मागून घडी घातलेला एक कागद पडला. तिचंच अक्षर. गेल्या वर्षीचे संकल्प! रोज अर्धा तास चालायचं, हा पहिल्याच आठवड्यात गारद झाला होता. मुंगीवर ओरडायचं नाही, याबद्दल न बोललेलंच बरं. कायमची नोकरी मिळवायची – हा मात्र पूर्ण झाला होता, कालच. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, 'बाबांचे डोळे तपासून घेणे.'

ते राहूनच गेलं. जानेवारीत नक्की, असं मनाशी म्हणून तिने कागद पुन्हा दुमडला आणि नव्या कॅलेंडरमागे सारला. सत्तावीस वर्षं पूर्ण झाली तिला. लहानपणी वाटायचं, सत्ताविसाव्या वर्षी माणूस सगळं वेळेवर करणारा होतो.

"चहा घेतलास का गं?" बाबांनी विचारलं.

"घेतला की. आत्ताच विचारलंत ना."

"बापाने दोनदा विचारलं तर बिघडलं काय?"

पाच वर्षांची मुंगी बूट घालून दारात तयारच होती. पाळण्यातून उतरल्यापासून फरशीच्या रेघेरेघेने चालायची, म्हणून आजोबांनीच ठेवलेलं नाव. आजोबांनी बाहीवरचा एक तुकडा काढून तिच्या दप्तराच्या पट्ट्याला गुंडाळला, एक स्वतःच्या शर्टाच्या बटणाखाली लावला.

"दोन्ही टोकं?" आजोबांनी विचारलं.

"लाल!" मुंगी ओरडली.

"मग भिंतीतून कशीही गेली तरी?"

"हरवत नाही!"

वायरमनचा धडा होता तो. एका वायरीची दोन्ही टोकं एकाच रंगाने बांधायची, म्हणजे मधे ती कुठून कुठे वळली याची फिकीर नको. हा धडा तीही पाचव्या वर्षी शिकली होती. ते दोघं जिना उतरेपर्यंत ती दारात उभी राहिली आणि मग तिची बस चुकता चुकता राहिली.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. गावभरच्या दवाखान्यांतून हिरड्यांचे साचे यायचे, आणि त्यांवर मेणात एकेक दात बसवून कवळ्या तयार व्हायच्या. वर्षाअखेरीला कामाची झुंबड. नवीन वर्षात सगळ्यांनाच दात दाखवून हसायचं असतं. एका साच्यावर सुळे बसवताना ती विचार करत होती, हे हसू कुणाचं असेल? बाई की बुवा? आणि हसायला घरी कुणी आहे का?

"सोमवारपासून पूर्ण वेळ ना तू?" साच्यात प्लास्टर ओतणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्यांच्या भुवयासुद्धा कायम पांढऱ्या. "मग? आम्हाला पेढे कधी?"

"पेढे आधी बाबांना द्यायला हवेत. ते मुंगीला शाळेत सोडतात, आणतात, म्हणून मी या बाकावर आहे. मालकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, पोरीला कोण बघतं?"

"म्हणजे म्हाताऱ्याला कामाला जुंपलंस, आणि वर मिरवतेस!"

"त्यांनाच हौस आहे, मावशी. घरी बसवलं तर बिघडलेल्या वस्तू शोधत फिरतील, आणि नाही मिळाल्या तर चांगल्या उघडतील."

मावशी हसल्या. तीही हसली. नंतर कितीतरी वेळा तिला ते हसणं आठवलं.

बारा वाजता मालकांनी सगळ्यांना सोडून दिलं. तिला दुपार अशी अख्खी मिळून किती महिने झाले होते! शाळा साडेबाराला सुटते. थेट गेटवर जाऊन दोघांना चकित करावं, या विचाराने ती बसमध्ये बसल्या जागी हसत होती. पण बस रखडली. ती पोहोचली तेव्हा गेट लागलेलं.

"आजोबा आणि नात कधीच गेले," वॉचमन म्हणाला. "अर्धा तास झाला असेल."

ठीक आहे, घरी गाठू. ती घराच्या दिशेने निघाली. पंधरा मिनिटांचा रस्ता, तीन वळणं. संकल्प आठवून ती ताडताड चालू लागली; वर्षाच्या शेवटच्या दिवशी का होईना, निदान पंधरा मिनिटं चालणं घडत होतं.

शाळेसमोरच्या विजेच्या खांबावर लाल पट्टीचा एक तुकडा होता. तिने पाहिला आणि सोडून दिला. पुढच्या खांबावर दुसरा. औषधांच्या दुकानाशी वळण होतं, तिथे दोन, एकाखाली एक. कसलं तरी खोदकाम निघालेलं दिसतंय, असं म्हणून ती वळली. पुढे विजेच्या पेटीवर एक. कुंपणाच्या गजावर एक. सगळे एकाच उंचीवर, उभ्या माणसाच्या छातीशी.

सहाव्या की सातव्या तुकड्यापाशी ती थांबली. पट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं. गव्हाच्या दाण्याएवढी दुमड.

लहानपणी बाबांनी तिच्या बोटांत बोटं घालून शिकवलं होतं. "टोक दुमडून ठेवायचं. पुढच्या माणसाला नखाने खरवडायला लागू नये." शहरातला दुसरा कुठलाही वायरमन हे करत नसे. बाबांना सगळे चेष्टेने 'दुमडे मास्तर' म्हणायचे.

तिने मागे वळून पाहिलं. औषधाच्या दुकानापासून इथपर्यंत लाल, लाल, लाल. वळण आलं की दोन. तिने पुढे पाहिलं. तुकडे तिच्या घराकडेच निघाले होते.

मुंगीला सोडून बाबा सकाळी एकटे परत जायचे. दुपारी एकटे यायचे. रोज.

चहाबद्दल दोनदा विचारलेलं आठवलं. तिच्या नवऱ्याला मागच्या खेपेला बाबा नाव न घेता नुसतेच 'पाहुणे' म्हणत होते, आणि ते दोघं त्यावर हसले होते, ते आठवलं. 'लागते,' एवढंच म्हणाले होते बाबा. ती आता चालत नव्हती, पळत होती.

शेवटच्या वळणावर तुकडे संपले. तिथून पुढचे सगळे खांब ताज्या चंदेरी रंगात चमकत होते. रंगाऱ्याच्या शिडीखाली खरवडलेल्या लाल पट्ट्यांचा लिंबाएवढा गोळा पडला होता. आणि अलीकडच्या खांबाशी, शेवटच्या लाल तुकड्यावर तळहात ठेवून, बाबा उभे होते. मुंगी दोन्ही हातांनी त्यांचा दुसरा हात ओढत होती.

"मघापासून असेच उभे आहेत," रंगारी शिडीवरून म्हणाला. "पाणी दिलं, पीत नाहीत. पोरगी ओढून ओढून दमली. तुमच्यातले का हे?"

"आई!" मुंगीचा चेहरा घामाने आणि रडण्याने चिकट झाला होता. "मला येतो रस्ता. पण आजोबा म्हणतात, लाल नाही तिथे जायचं नाही. रोज येतात, विसरले की मी सांगते. आज ऐकतच नाहीत!"

"रोज?" तिने विचारलं.

"रोज नाही. कधी कधी." मुंगी घाबरली. "आमचं गुपित आहे ते."

"बाबा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नीट, अदबीने पाहिलं. "बाई, जरा विचारू का? तुम्ही इथल्याच का?"

तुम्ही. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. सुट्टीत बाबांच्या सायकलवर पुढे बसून ती कामाला जायची, तेव्हा अनोळखी दारांत उभं राहून बाबा याच आवाजात बोलायचे. 'बाई, मेन स्विच कुठे आहे?' तेव्हा ती त्यांच्या शेजारी असायची, पिशवी धरून. आज ती दाराच्या आत उभी होती.

"काम आहे पुढे एका घरी," बाबा म्हणाले. "लाइन धरून आलो बरोबर. इथून तुटलीय."

तिला ओरडायचं होतं. बाबा, मी आहे, बघा ना नीट! पण बाबांचा तळहात त्या तुकड्यावर असा घट्ट दाबलेला होता की ओरडलं असतं तर खांबावरून नाही, आणखी कुठूनतरी सुटला असता.

"हो, इथलीच," ती म्हणाली. आवाज आपोआप कुणा परक्या बाईचा निघाला. "मी तिकडेच निघालेय. या माझ्याबरोबर."

"तिकडे लाल नाही, बाई. खात्री नसलेल्या लाइनला हात लावायचा नसतो."

खांबांचा रंग ओला होता. पट्टी चिकटली नसती. तिने बाबांच्या बाहीवरचा एक तुकडा अलगद सोडवला. टोक दुमडलं. मग हात मागे वळवून तो स्वतःच्या खांद्यामागे, कुर्त्यावर लावला आणि दोनदा थापटला.

"आता दिसतंय?"

बाबांनी मान पुढे काढून पाहिलं. बोटाने ती दुमड चाचपली.

"टोक दुमडायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझ्या वडिलांनी."

"चांगला कारागीर दिसतोय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खांबावरचा हात काढला.

ती पुढे चालू लागली. मागून चपलांचा आवाज आला, आणि त्याच्या दुप्पट वेगाने मुंगीच्या बुटांचा. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मागे वळली असती तर लाल तुकडा त्यांना दिसेनासा झाला असता. तोंडावर ओघळत होतं ते पुसायलाही तिने हात वर केला नाही. खांदा हलला असता.

घराच्या कडीवर लाल तुकडा होता. इतके दिवस रोज तीच कडी ती काढत होती. बाबांनी तो पाहिला, चपला काढल्या, पंख्याचं बटण दाबलं आणि तिच्याकडे वळले.

"अगं, तू आज लवकर? मग मुंगीला आणायला येतेस म्हणायचं ना, माझी खेप वाचली असती. जेवलीस का?"

"जेवले, बाबा," ती म्हणाली. जेवली नव्हती.

ऊन फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत गेलं. बाबा आतल्या खोलीत पडले होते. ती नव्या कॅलेंडरसमोर पेन घेऊन उभी होती. सोमवारच्या चौकोनात सकाळीच तिने लिहून ठेवलं होतं, 'पूर्ण वेळ', आणि पुढे एक छोटासा तारा काढला होता. मावशींना फोन करावा की थेट मालकांना, आणि नवऱ्याला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची? पेनाचं टोक ताऱ्यावर टेकलं होतं, पुढे सरकत नव्हतं.

मुंगी तिच्या पायाशी येऊन बसली.

"मी गुपित सांगितलं म्हणून आजोबा रागावतील?"

"नाही गं राणी."

"सोमवारी मला कोण आणणार?"

"मी आणेन."

"मग तुझे दात?"

"दात थांबतील."

"आणि आजोबा?"

"आजोबा घरीच बसतील," ती म्हणाली. कुणीतरी पढवल्यासारखी ती पुढे बोलत गेली, "बाहेर गेलं नाही, की हरवायची भीतीच नाही. हो ना?"

मुंगी विचारात पडली. आतून आवाज आला. चर्रर्र. थोड्या वेळाने कात्री वाजली. बाबा दारातून बाहेर आले, त्या दोघींकडे बघून ओझरतं हसले आणि न्हाणीघराच्या दाराशी गेले. तिथे त्यांनी एक तुकडा लावला आणि अंगठ्याने दाबून दाबून पक्का केला. मग स्वयंपाकघरात गेले. चहाच्या डब्यावर एक आधीच होता. तो तिने आत्ता पाहिला.

मुंगीने तिचा कुर्ता ओढला. तिच्या खांद्यामागचा तुकडा अजून तसाच होता.

"आई, आजोबा घरातच हरवले तर?"